तिसऱ्या फेरीत मरणारा कंप्युटर

विशाखाबाईंचा कंप्युटर नेमका तिसऱ्या फेरीत मरायचा. पहिली फेरी झकास जायची. दुसरीत बाई अशा काही सुसाट सुटायच्या की पदर कुठे आणि चष्मा कुठे याची शुद्ध राहायची नाही. आणि तिसरीत, पुलाखालून गाडी बाहेर काढून आता पुढच्याला इंगा दाखवते असं म्हणेपर्यंत पडदा काळाठिक्कर. सूचना नाही, रामराम नाही. हातातला कंट्रोलर मांडीवर आपटून बाई ओरडायच्या, "मेल्या, आत्ताच मरायचं होतं?"

आता या बाई कोण, तर लातूरच्या क्लासेसमध्ये उभा जन्म जीवशास्त्र शिकवलेल्या विशाखा मॅडम. हृदयाचे कप्पे त्यांनी ज्यांच्याकडून घोकून घेतले त्यातले कितीतरी आज गळ्यात स्टेथोस्कोप घालून फिरतात. पोरांच्या हातातली बॅट काढून घेणाऱ्या, मोबाइल टेबलाच्या खणात कुलूपबंद करणाऱ्या, "खेळायचंय? आधी डॉक्टर हो, मग काय खेळायचं ते खेळ" म्हणणाऱ्या त्याच या. रिटायर झाल्या आणि वर्षभरात त्यांना गाड्यांच्या शर्यतीचं असं वेड लागलं की विचारू नका. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात, म्हणून खिडकीचे पडदे ओढून, आवाज बारीक करून खेळायच्या. अब्रूचा प्रश्न होता ना!

त्यांना हा नाद लावला सुनेनं. उर्वी बाळंतपणाआधी घरी बसून कंटाळली होती, तेव्हा तिनं नवऱ्याच्या, म्हणजे आलोकच्या, गेमिंगच्या कंप्युटरसमोर सासूला ओढत नेऊन बसवलं आणि वळण कसं घ्यायचं ते शिकवलं. मग बाळंतपणाला नांदेडला माहेरी गेली तर तिथं स्वतःच्या आईलाही, उज्वलाबाईंना, भावाच्या कंप्युटरवर शिकवलं. सुनेनं सासूला बिघडवलं आणि लेकीनं आईला, तेही एकाच पोरीनं. झालं! दोन्ही विहिणी रोज दुपारी कानाला हेडफोन लावून लातूर आणि नांदेडहून एकमेकींवर गाड्या घालायला लागल्या.

"काय करून राहिल्या विहीणबाई? मागंच हाय का अजून?" उज्वलाबाई विचारायच्या.

"मागे नाही, तुमचा डाव बघतेय," विशाखाबाई दात ओठ खाऊन म्हणायच्या.

इथवर सगळी गंमतच होती. पण उर्वीला मुलगी झाली, तिचं बारसं नांदेडात झालं, नाव मनस्विनी ठेवलं, घरात मनू झाली, आणि प्रश्न आला दिवाळीचा. मनूची पहिली दिवाळी कुणाच्या घरी? विशाखाबाई म्हणाल्या, पहिली दिवाळी बापाच्या घरी, नातीला मी स्वतः उटणं लावणार. उज्वलाबाई म्हणाल्या, "लेकरू अजून लई लहान हाय, एवढ्या लांब गाडीत न्हाई घालायचं, मी दिवाळीनंतर धाडते." फोनवर दोघी गोड बोलायच्या आणि ठेवल्यावर आपापल्या घरी भांडी आपटायच्या. विशाखाबाईंनी नातीला बारशाला दोन घटका मांडीवर घेतलं होतं तेवढंच. त्या इवल्याशा मुठीनं त्यांचं बोट धरलं होतं, ते सुटताना बाईंना ब्रह्मांड आठवलं होतं. तेव्हापासून त्यांना घर नुसतं खायला उठत होतं, आणि हे त्या कुणाला सांगत नव्हत्या.

शेवटी दोन्हीकडची धुसफूस ऐकून उर्वीच वैतागली. तिनं दोघींना एकदम फोनवर घेतलं आणि म्हणाली, "रविवारी दुपारी शर्यत लावा. पाच फेऱ्या. जी पहिली येईल तिच्या घरी मनूची दिवाळी. आणि जी हरेल तिनं तोंड वाकडं करायचं नाही. कबूल?"

"कबूल," दोघी एका दमात म्हणाल्या. फोन ठेवल्यावर विशाखाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. फेऱ्या पाच, आणि कंप्युटर मरतो तिसरीत!

मग घरात जी सभा भरली ती काय वर्णावी. आलोक एका क्लासचे शिकवणीचे व्हिडिओ बनवायच्या कामावर आहे, त्यामुळे कंप्युटरच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द शेवटचा. तो म्हणाला, "आई, याचं ग्राफिक कार्ड म्हातारं झालंय. प्रोसेसरही जुना. आता अपग्रेडच करायला पाहिजे. नवं कार्ड, नवा पॉवर सप्लाय."

"तुला पगार झाला की अपग्रेड आठवतं," अनंतराव म्हणाले. अनंतराव म्हणजे विशाखाबाईंचे यजमान, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर. "जीप तापली तर आम्ही रेडिएटर बघायचो. नवी जीप मागायचो नाही सरकारकडे."

"बाबा, हा कंप्युटर आहे, जीप नाही."

"तापतो ना? मग थंड कर."

"मग पाण्याचं कूलिंग बसवू. आतून पाणी फिरतं नळ्यांतून, मस्त गार राहतो."

झालं, विशाखाबाईंचा पारा चढला. "लातुरात माणसांना नळाचं पाणी आठवड्यानं बघायला मिळतं, आणि तू त्या डबड्याला पाणी पाजणार? टँकर त्याच्यासाठी मागवू का आता?"

आलोकनं परोपरीनं सांगितलं की ते पाणी एकदाच भरायचं असतं, रोज नाही, पण या घरात पाणी हा शब्द निघाला की पुढचं कुणी ऐकत नाही. शिवाय कार्ड काय नि नळ्या काय, रविवारच्या आत लातुरात काहीच येणार नव्हतं. दुकानदारानं "हैदराबादहून मागवावं लागेल, मॅडम" म्हणून हात वर केले होते.

उरला घरगुती इलाज. ऑक्टोबरचं ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. पहिल्या दिवशी टेबलफॅन कंप्युटरसमोर लावला. तिसऱ्या फेरीत मेला. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा मोठा कूलर ओढत हॉलमध्ये आणला, त्याच्या वाऱ्यानं देवघरातली फुलं उडून टीव्हीवर बसली, पण कंप्युटर मेला तो तिसऱ्याच फेरीत. मग बाईंनी बर्फाच्या बाटल्या भोवती मांडल्या. आलोक कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, ओल धरेल, जळून जाईल." बाईंनी बाटल्या काढल्या, पुसून घेतलं, गणपतीला हात जोडले आणि पुन्हा बसल्या. पुलाखालून बाहेर आल्या आणि पडदा काळा. त्या दिवशी त्यांनी रागानं जेवणच केलं नाही, म्हणजे केलं, पण उशिरा.

"आई, खरंच सांगतो, अपग्रेड," आलोक म्हणाला.

"गप्प बस," बाई म्हणाल्या. पण मनातून त्यांचीही खात्री पटत चालली होती. शनिवार उजाडला तरी कंप्युटरला चौथी फेरी दिसली नव्हती. उज्वलाबाईंनी आधीच दिवाळीचे रव्याचे लाडू वळायला घेतल्याची बातमी आली होती.

शनिवारी सकाळी बाई कंप्युटर पुसायला बसल्या. पुसायचं म्हणजे काय, पुसता येईल असा भाग थोडाच बाहेर होता! तर इथं आता त्या घरातल्या पिंजऱ्यांबद्दल सांगायलाच पाहिजे. अनंतरावांच्या घरात प्रत्येक जड वस्तूला लोखंडी अँगलचा पिंजरा आहे. कपाट भिंतीला बोल्टनं जखडलेलं. फ्रिज पिंजऱ्यात. टीव्ही पट्ट्यांनी आवळलेला. गॅसचं सिलिंडर साखळीला बांधलेलं. देवघरातल्या बाळकृष्णालाही खालून रबर चिकटवलेलं. हे सगळं सुरू झालं किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी. अनंतराव तेव्हा तरुण ज्युनियर इंजिनियर, पहाटेच त्यांना जीपनं तिकडे नेलं आणि ते महिनाभर तिकडेच ढिगाऱ्यांत होते. परत आले ते दाढी वाढलेले, गप्प, आणि हातात नटबोल्टची पिशवी. तिथं काय पाहिलं ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. फक्त घरातली वस्तू न् वस्तू जखडायला लागले. गल्लीतली माणसं हसायची आणि जमिनीतून कुठे गुडगुड आवाज आल्याची बातमी आली की गुपचूप येऊन त्यांच्याकडून आपलंही कपाट जखडून घ्यायची.

उन्हाळ्यात वरचा मजला मुलींना भाड्यानं दिला, तेव्हा आलोकचा कंप्युटर खाली हॉलमध्ये आला. आणि खाली आला म्हटल्यावर अनंतरावांनी त्याला पिंजरा केला, हे ओघानंच आलं. नुसता पिंजरा नाही. नाजूक वस्तू, धक्का बसला तर आतून खिळखिळी होईल म्हणून चारी बाजूंनी जाड फोम ठासून भरला. मागची वायर तेवढी बाहेर. आलोक त्या घरातच वाढलेला, त्याला पिंजरे दिसतच नव्हते. त्यानं कार्ड बघितलं, प्रोसेसर बघितला, कंप्युटरचं तापमान मोबाइलवर बघितलं, आणि त्या फोमकडे एकदाही बघितलं नाही. टेबलफॅन काय, कूलर काय, सगळा वारा त्या फोमलाच गारवा देत होता!

बाईंनी ओलं फडकं अँगलवरून फिरवलं आणि त्यांचं बोट फोमला लागलं. फोम ऊन लागला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा. बाईंनी फोमचा कोपरा जरासा ओढला, मागे हात घातला. पंखा फिरत होता, पण हवा कुठूनच येत नव्हती आणि कुठे जातही नव्हती. ज्या बाईनं सारा जन्म श्वसनसंस्था शिकवली, ती बाई तिथंच फडकं हातात घेऊन मटकन बसली.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "याला श्वासच घेता येत नाहीये."

आणि त्यांना असं हसू फुटलं की बस्स. चार दिवस सगळं घर त्याला पंखे घालत होतं आणि त्याचं नाक दाबलेलं! हसता हसता एकदम थांबल्या. कारण आता हे सांगायचं कुणाला? तर ह्यांना. बाकी कुणी त्या पिंजऱ्याला पाना लावला असता तर अनंतराव दिवसभर बोलले नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा बाईंनी पाहुण्यांसाठी कपाट सरकवायला बोल्ट काढला होता, तर त्या रात्री हे उशाशी बॅटरी घेऊन जागे बसले होते. त्या माणसाची भीती हसण्यावारी नेणं बाईंना कधी जमलं नव्हतं. पण बोट धरलेली ती मूठही त्यांना विसरता येत नव्हती. शनिवार अख्खा बाईंनी घुटमळत काढला.

रविवारी सकाळी चहा देताना मात्र त्यांनी धीर केला. "अहो, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"कंप्युटर जुना झालेला नाही. आणि त्याला कूलर नकोय. त्याचा फोम काढावा लागेल. पिंजराही. त्याला हवाच मिळत नाही."

अनंतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. उठले, हॉलमध्ये गेले, फोमखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"म्हणजे मी त्याचं तोंड दाबून बसलो होतो का गं इतके दिवस?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं कसं बोलणार?

"भूकंपात नाही मरायचा, पण माझ्या हातून मेला असता." ते म्हणाले, आणि बाईंना वाटलं आता रडतात की काय, तर ते हसायला लागले. आधी हळू, मग गदागदा. बाईही हसायला लागल्या. आवाजानं आलोक केस विस्कटलेला बाहेर आला.

"काय झालं?"

"पाना आण," अनंतराव म्हणाले. "दहा नंबरचा."

फोम निघाला, अँगल निघाले, आणि कंप्युटर पहिल्यांदा टेबलावर मोकळा उभा राहिला. आलोकनं ब्रशनं पंख्यातली धूळ झाडली. डाळमिलच्या बाजूचं घर, तुरीच्या सालाची इतकी धूळ निघाली की बाई शिंकून बेजार झाल्या. आलोक तोंड पाडून म्हणाला, "म्हणजे कार्ड नको?"

"नको!" आईबाप एकदम ओरडले.

पण दुपारी शर्यतीला बसायची वेळ झाली आणि अनंतरावांचा जीव वरखाली व्हायला लागला. उघडा, जखडलेला नाही, नुसता टेबलावर! ते दोनदा पाणी प्यायले. मग सरळ स्टूल घेऊन टेबलापाशी बसले आणि कंप्युटर दोन्ही हातांनी कवटाळून धरला.

"अहो, हे काय?"

"तू खेळ. मी धरतो. हवेच्या बाजू सोडल्यात."

नांदेडहून उज्वलाबाईंचा आवाज आला, "तयार हाय का विहीणबाई? लाडू वळून झाले माझे."

"लाडू डब्यातून इकडेच पाठवा," विशाखाबाई म्हणाल्या, आणि शर्यत सुटली.

पहिली फेरी गेली. दुसरी गेली. तिसरीत पूल आला आणि बाईंनी चक्क डोळेच मिटले. उघडले तर गाडी पुलाच्या पलीकडे! पडदा लख्ख! "जिवंत आहे!" बाई किंचाळल्या. "हवा येतेय! चेहऱ्यावर येतेय माझ्या, चांगली गरम!" अनंतराव ओरडले. आलोक टाळ्या पिटत नाचायला लागला. आवाज बारीक ठेवायचं कुणाच्या ध्यानात राहणार? वरच्या मुली धावत खाली आल्या, उदगीरची एक आणि अहमदपूरची एक, दारात उभ्या राहून बघतात तर विशाखा मॅडम खुर्चीत अर्ध्या उभ्या, "घाल, घाल, धडक घाल!" करतायत.

"मॅडम, काय झालं?"

"अभ्यासाला बसा!" मॅडम मान न वळवता गरजल्या. मुली जागच्या हलल्या नाहीत.

चौथ्या फेरीत उज्वलाबाई पुढे, पाचव्या फेरीतही पुढे. शेवटचं वळण आलं. विशाखाबाई अगदी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटल्या होत्या. आतून घुसायला जागा होती. बाईंनी दात आवळले. आणि तेवढ्यात हेडफोनमधून एक बारीक आवाज आला, टाहो फोडल्यासारखा. मनू उठली होती.

"आले गं माझे माय, आले," उज्वलाबाई म्हणाल्या आणि कंट्रोलर टाकल्याचा आवाज झाला. त्यांची लाल गाडी रस्त्याच्या मधोमध धक्के खात थांबली. पुढे मोकळा रस्ता, आणि त्याच्या टोकाला रेघ.

"आई, चल!" आलोक ओरडला. "जा ना! जिंकलीस!"

विशाखाबाईंच्या कानात मनू रडत होती. तिकडे उज्वलाबाई तिला थोपटत होत्या, "न्हाई रडायचं, न्हाई रडायचं, मी हाय ना" म्हणत होत्या. विशाखाबाईंना वाटलं, आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. त्यांनी ब्रेक दाबला. त्यांची पिवळी गाडी लाल गाडीशेजारी जाऊन उभी राहिली. मग मागून कंप्युटरची स्वतःची एक निळी गाडी, जिच्याकडे चार महिन्यांत कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती आरामात आली आणि रेघ ओलांडून पहिली झाली.

थोड्या वेळानं मनू गप्प झाली. आलोकनं आवाज हेडफोनवरून स्पीकरवर घेतला आणि सगळ्यांना उर्वीचा आवाज आला. "आई? मम्मी? दोघींच्या गाड्या उभ्या कशा? जिंकलं कोण?"

"निळी," विशाखाबाई म्हणाल्या.

"म्हंजे थांबल्या तुम्ही, विहीणबाई? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला! पोरगी रडत होती."

उर्वी म्हणाली, "हे बघा, कुणीच जिंकलं नाही, म्हणून आता माझंच ऐकायचं. दिवाळी लातूरला. आणि मम्मी, तू पण चल. लाडवांसकट."

"लेकीच्या सासरी दिवाळी करू का मी? लोक काय म्हणतील?"

"शर्यत अर्धी राहिलीय आपली," विशाखाबाई म्हणाल्या. "लोकांचं मी बघते. तुम्ही या."

उज्वलाबाई हसल्या, मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग म्हणाल्या, "येते मी. पर पाळण्याबिगर ती झोपत न्हाई, बघा. तुमच्या घरी पाळणा कुठं बांधायचा? तुमच्याकडं तर छताला पंखाबी न्हाई."

खरंच होतं ते. अनंतराव किल्लारीहून परतल्यापासून त्या घराच्या छताला काहीच टांगलेलं नव्हतं. पंखे भिंतीवर, दिवे भिंतीवर. डोक्यावर हलेल असं काही त्यांना चालतच नव्हतं, आणि बाईंनी कधी मागितलंही नव्हतं. "घोडीवरचा पाळणा आणू आपण, जमिनीवरचा, तोही..." विशाखाबाई म्हणायला लागल्या.

"टांगतो," अनंतराव मोठ्यानं म्हणाले, नांदेडला ऐकू जावं म्हणून. त्यांच्या कपाळावर घाम होता. "हॉलच्या मधोमध. कडी मी स्वतः बसवतो."

"झुलंल ना पर चांगला?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"झुलेल," अनंतराव म्हणाले. "झुलायलाच पाहिजे."

विशाखाबाईंनी हेडफोन काढला आणि पदर डोळ्यांना लावला. त्या रडत होत्या आणि मुलींसमोर रडत होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. अनंतरावांनी मान वर करून छताकडे पाहिलं, जागा हेरल्यासारखं, आणि आलोकला म्हणाले, "शिडी आण रे." मग लक्षात आलं की आपले दोन्ही हात अजून कंप्युटरला आहेत.

"नाही, शिडी मी आणतो," ते म्हणाले. "तू हा धर."